राखेचं पीक

शिमगा सरतो. पालखी देवळात परतते, ढोल खुंटीला जातात, आणि मग एखाद्या सकाळी, काही ध्यानीमनी नसताना, तो वास येतो. जळक्या शेणाचा, ओल्यासुक्या पानांचा, भाजल्या मातीचा. खालच्या अंगाला कुणाचीतरी भाजावळ सुरू झालेली असते. आता करणारे थोडे राहिलेत, पण वास काही थोडका येत नाही. एकाने केली तरी अख्ख्या सड्यावर पसरतो.

मुंबईची माणसं आलेली असली तर छाती भरभरून घेतात. "आहाहा, गावाचा वास!" घ्या बाबांनो, मनसोक्त घ्या, मोफत आहे. मी मात्र हातातलं काम टाकते नि मागच्या खोलीची खिडकी लावायला धावते. त्या खोलीत माझा धाकटा भाऊ असतो. दिगंबर. आमचा दिगू.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाआधी भाताचं रोप जिथे करायचं त्या जागेला आम्ही दाढ म्हणतो. ती दाढ आधी भाजून घ्यायची. खाली शेण, त्यावर कवळ, म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, त्यावर पातेरा, म्हणजे झाडाखाली पडलेली वाळकी पानं, आणि सगळ्यांवर चाळल्यासारखी बारीक माती. मग वाऱ्याच्या उलट बाजूने काडी लावायची. ज्वाळ उठता कामा नये, नुसतं धुमसत गेलं पाहिजे. तणाचं बी मरतं, किडामुंगी मरते, राख मिळते, नि मृगात रोप तरारून वर येतं. बापजाद्यांपासून चालत आलंय. त्यात वाईट काही नाही. वाईट काही नाही असं मी स्वतःलाच किती वर्षं सांगते आहे.

यंदाही वास आला नि यंदाही मी धावले. पण यंदा जे झालं ते सांगायचं तर आधी माती सांगायला हवी.

आमचं घर मिरजोळ्याच्या वरच्या अंगाला, सड्यावर. सडा म्हणजे उघडा कातळ. नजर जाईल तिथवर जांभा. इथे कुदळ मारली तर ठिणगी उडते, ढेकूळ निघत नाही. पावसाळ्यात ह्या कातळावर बोटभर गवत येतं, श्रावणात जांभळी-पिवळी फुलं येतात, आणि दिवाळी सरली की सगळं पिवळं, मग करडं, मग काळं. वैशाखात चपला घालूनही पाय पोळतात. आमच्या तुळशीपुरती मातीसुद्धा आईने खालून डोक्यावरून आणली होती.

अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, खाली वहाळाच्या काठाला भाताची खाचरं होती. ती कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यात गेली. जमीन गेली तरी अण्णांचे हात काही गेले नाहीत. चैत्र आला की ते हात शिवशिवायचे. दुसऱ्याच्या दाढीच्या कडेला उभे राहून ओरडायचे, "अरे, माती कमी पडली वरती, ज्वाळ उठतेय बघ!" लोक हसायचे. अण्णा घरी येऊन नुसते पायरीवर बसून राहायचे. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरात अण्णा नि मी. मी रत्नागिरीत एका शाळेच्या ऑफिसात कारकून. लग्न केलं नाही. का नाही, ते विचारू नका, मी सांगायची नाही.

अठ्ठ्याण्णव साली दिगू मुंबईहून परत आला. औषधांच्या एका कारखान्यात होता. तिथे मोठाल्या टाक्यांतून जंतू वाढवत नि त्यांच्यापासून औषधं करत, नि त्या टाक्यांची निगराणी दिगूकडे. कारखाना बंद पडला. इतरांचेही पडले, इतरही परत आले, शिव्या देत आले, दुसरं काही बघू लागले. दिगू आला तो पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला. जेव म्हटलं की जेवायचा. दाढी वाढली, नखं वाढली. विचारलं तर "काही नाही गो ताई" एवढंच. आम्ही लोकांना सांगायचो, सुट्टीवर आलाय. एवढी लांब सुट्टी ब्रह्मदेवाला तरी मिळते का? पण लोकही भले, मान डोलवायचे.

रत्नागिरी म्हटलं की बाहेरची माणसं आधी आंबा म्हणतात, आणि मग डोळा मिचकावून वेड्यांचं इस्पितळ म्हणतात. त्या थट्टेत आमचा सगळा जन्म गेला. म्हणूनच की काय, मनाच्या दुखण्यासाठी तिकडची पायरी चढणं आम्हा इथल्यांना जास्तच जड. गावभर होईल, ह्या भीतीने अण्णा आणि मी गप्प बसलो. दिगू आमच्या डोळ्यांसमोर विझत होता आणि आम्ही दोघं त्याच्या ताटात जास्तीचा भात वाढत होतो. दुसरं काय करायचं ते आम्हाला खरंच कळत नव्हतं.

मग एक दिवस शिळा भात निमित्त झाला. करवंटीत राहून गेलेल्या भातावर पांढरी बुरशी धरली होती. मी ती कावळ्यांना टाकायला निघाले, तर दिगूने हात पुढे केला. करवंटी डोळ्यांजवळ नेली, वास घेतला, नि म्हणाला, "ताई, बघ. जिवंत आहे." कित्येक महिन्यांत त्याने आपणहून काढलेले पहिले शब्द. मला त्या घाणेरड्या बुरशीच्या पाया पडावंसं वाटलं.

तिथून त्याचं मातीचं वेड सुरू झालं. वेड हा शब्द मी मायेने वापरते आहे, गैरसमज नको. घरामागे कातळावर त्याने चिऱ्यांची एक चौकट मांडली, गुडघ्याएवढी उंच, आणि त्यात माती करायला घेतली. आणायला नव्हे, करायला. शेण, पातेरा, पेंढा, माडाच्या सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, भुसा. एका पिंपात शेण, गोमूत्र, गूळ नि कुळथाचं पीठ कालवून ते सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचा. असा काही वास सुटायचा की परसात जायची सोय नाही.

"मेल्या, आम्हाला पिठी करायला कुळीथ नाही, नि तुझ्या जंतूंना मेजवान्या?"

"ते पाहुणे नव्हेत ताई. राहायला आलेत. राहणाऱ्याला जेवायला नको?"

अण्णा पायरीवरून बघत राहायचे. त्यांच्या डोक्यात हे शिरत नव्हतं. "जंतू मारायचे असतात रे," ते म्हणायचे. "पाळतात काय?" दिगू हसायचा. होय, हसायचा. त्यासाठी मी आणखी चार पिंपांचा वास सोसला असता.

तो मला समजावून सांगायचा, नि मी भाजी चिरता चिरता ऐकायचे. दगडाचा चुरा म्हणजे माती नव्हे. कुजलेला पाला म्हणजेही माती नव्हे. मातीत कोण राहतं त्यावर ती माती की धूळ ते ठरतं. डोळ्यांना न दिसणारे जंतू, बुरशीचे पांढरे तंतू, त्यांच्या मागून गांडुळं. ते पाला खातात, दगड चाटून विरघळवतात, झाडाच्या मुळाला हवं ते आणून देतात, नि स्वतः मरून तिचाच भाग होतात. "पण आधी विरजण लागतं," तो म्हणायचा. "दूध कितीही चांगलं असो, विरजणाशिवाय दही लागेल का?" आणि कातळावरच्या मातीला विरजण कुठून आणायचं? जिथे कधी कुऱ्हाड नाही, नांगर नाही, आग नाही, अशा जुन्या मातीतून. अशी माती आमच्याकडे एकाच ठिकाणी. देवाच्या रहाटीत.

रहाटी म्हणजे ग्रामदेवतेचं राखलेलं रान. तिथली काडी उचलायची नाही, पान घरी न्यायचं नाही. दिगू म्हणाला, चोरून आणायची नाही, विचारून आणू. आम्ही तिघं देवळात गेलो. गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या फुलांच्या पाकळ्या लावल्या. उजवीकडची आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. गाऱ्हाणं घालायला गुरव पुढे झाला, तर अण्णांनी त्याला हाताने थांबवलं आणि स्वतः उभे राहिले. जन्मात कधी चार माणसांत तोंड न उघडलेला माणूस.

"बा देवा म्हाराजा, ह्यो माजा पोरगा तुज्या रानातली मूठभर माती मागतोय. कशाला ते मला कळत नाय. पण त्येका ती हवी हाय. ती दे, नि त्येचं चित्त थाऱ्यावर आण रे म्हाराजा."

गुरव आणि मी "व्हय म्हाराजा" म्हणालो. दिगू खाली बघत होता. उजवी पाकळी पडायला फार वेळ लागला नाही.

रहाटीतला तो पातेरा मला अजून आठवतो. वरची पानं कोरडी, कुरकुरीत. त्याखालची काळी, ओली, एकमेकांना चिकटलेली. त्याखाली पांढऱ्या तंतूंचं जाळं, आणि त्याखाली माती. दिगूने ती दोन्ही हातांनी उचलली नि माझ्या नाकाशी धरली. ऊन पडलेल्या दिवशीसुद्धा तिला ओल्या संध्याकाळचा वास होता. कपड्यात बांधून, चालताना धक्का लागू न देता, त्याने ती घरी आणली. अण्णा वाटेतले काटे बाजूला करत पुढे चालत होते.

मग जे दिवस आले ते माझ्या आयुष्यातले बरे दिवस. फार चांगले म्हणत नाही, दृष्ट लागते, आणि लागलीच शेवटी. दिगू सकाळी उठायचा. दाढी करायचा. तांदळाचं धुवण मी त्याच्यासाठी बाजूला ठेवायचे. पहिल्या हिवाळ्यात त्याने काही लावलंच नाही. अण्णा वैतागले, "अरे, नुसती माती काय खायची?" दुसऱ्या हिवाळ्यात चार वांगी आणि थोडा मुळा आला, तोही त्याने मातीला विचारून काढल्यासारखा काढला. "अजून तिला आपलं पोट भरू दे," म्हणायचा. एकदा थंडीच्या सकाळी मला हाक मारून बोलावलं. "ताई, हात घाल आत." मी कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. तापलेल्या भांड्याची नव्हे, झोपलेल्या मुलाच्या पाठीची असते तशी. मी पटकन हात काढून घेतला, आणि मग पुन्हा घातला.

मला तेव्हा वाटलं होतं की हे फक्त मातीचं चाललेलं नाही. तो स्वतःला थरांनी रचत होता. एवढंच मला कळत होतं, की ही चौकट आहे तोवर माझा भाऊ आहे.

त्या दिवशी शनिवार होता, शाळा अर्धी. नाक्यावर एस.टी.तून उतरले तर मागच्या गाडीतून दिगू उतरला. तो हातखंब्याला गेला होता. तिथे हायवेवर कोल्हापूरकडचे गुळाचे ट्रक थांबत, आणि उन्हाने पाघळलेल्या ढेपा एक दुकानदार त्याला राखून ठेवायचा. खांद्यावर गोण, मानेवर गुळाचा ओघळ, मागे माश्या. पण काय खुशीत होता!

"ताई, यंदा मृगाला बी टाकायचं. माती तयार झाली."

"झाली एकदाची? नि काय लावणार?"

"आईचं तवसं. काकीकडे बी आहे अजून, मी बघून आलो."

आईची तवशी, मोठ्या पावसाळी काकड्या, हातभर लांब व्हायच्या. तिच्यामागे कुणी लावल्या नव्हत्या. सडा चढताना वास आला. दिगू थांबला, डोळे मिटून त्याने लांब श्वास घेतला.

"आहाहा. कुणाचीतरी दाढ भाजतायत. हा वास आला ना की मला भूक लागते बघ."

आणि आम्ही दोघं त्या वासाची तारीफ करत घरी आलो. हे मला कधी विसरता येत नाही. आम्ही तारीफ करत आलो.

चौकटीच्या कडेला अण्णा उभे होते. लंगोट, डोक्याला पंचा, भुवयांत राख. चौकटीतून निळसर धूर संथ वर जात होता. मी किती वर्षांनी अण्णांचा चेहरा असा उजळलेला बघत होते.

"आलास? बघ तर! सगळं रचलेलंच होतं. शेण हाय, पाला हाय, पातेरा हाय, वरती माती हाय. नुसती काडी लावायची विसरलास. म्हटलं, ह्येचं मन कुठे थाऱ्यावर असतं, बापाने नाय तर कोणी करायचं? एक ज्वाळ उठू दिली नाय!"

खरंच होतं. तेच शेण, तोच पातेरा, तेच थरावर थर. दाढ जशी रचतात अगदी तशीच दिगूची माती रचलेली होती. एक रचायची जाळण्यासाठी, एक रचायची जगवण्यासाठी, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्या. अण्णांना ती तीन वर्षं अर्धवट राहिलेली भाजावळ दिसत होती. आपल्या पोराचं अडलेलं काम त्यांनी मन लावून, जीव ओतून पुरं केलं होतं. बाजूला उद्यासाठी साठवलेला पातेऱ्याचा ढीगही त्यांनी हात न राखता घातला होता.

दिगूने गोण हळूच खाली ठेवली. चौकटीपाशी उकिडवा बसला. वरची भाजलेली माती बोटाने जरा बाजूला केली, आत लाल निखारा दिसला, तशी पुन्हा सारखी केली.

"छान भाजलीत, अण्णा," तो म्हणाला.

मग गोणीतून गुळाचा एक खडा काढला, आत जाऊन तांब्या भरून आणला, नि धुराने घसा सुकलेल्या अण्णांच्या हातावर गूळ ठेवला. जंतूंसाठी आणलेला. अण्णांनी खाल्ला, वर घटाघटा पाणी प्यायले, आणि म्हणाले, "गोड हाय."

मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. मला अण्णांवर ओरडायचं होतं, सगळा सडा ऐकेल असं. दिगू मागून आला, त्याने माझं मनगट धरलं. "ताई, नको. त्यांना सांगू नकोस. किती वर्षांनी दाढ भाजली त्यांनी." मी म्हटलं, "अरे, पण तुझं काय?" तो म्हणाला, "माझं काय." प्रश्न नव्हता तो.

वैऱ्याने जाळलं असतं तर बरं झालं असतं. वैऱ्याला शिव्या घालता येतात, त्याच्या दारात जाऊन बोटं मोडता येतात. मायेने केलेल्या घाताचं काय करायचं? तो पोटात ठेवायचा आणि वर ताक प्यायचं. मी तेच केलं.

आणि देवाची थट्टा बघा. त्या पावसाळ्यात चौकटीत पीक आलं ते असं, की सड्यावर कुणी पाहिलं नव्हतं. लाल माठ गुडघ्याला लागला. तवशी लोंबायला जागा पुरेना. अण्णा टोपली भरभरून शेजारीपाजारी वाटत सुटले. "माझ्या दिगूच्या मळ्यातली हो!" मळा म्हणत होते त्या एवढ्याशा चौकटीला. दिगू ताटातली कोशिंबीर खाली बघून खायचा. एकदा हात धुताना मला हळूच म्हणाला, "हे राखेचं पीक आहे ताई. एकदाच येतं."

मी लक्ष ठेवून होते. भाजलेली माती भुसभुशीत, तिला धरून ठेवणारं आत कुणी उरलं नव्हतं. श्रावणातल्या झडींनी ती चिऱ्यांच्या फटींतून काळपट लाल पाण्याने कातळावर उतरत राहिली. दिगू पडवीत बसून ते पाणी बघायचा. पुढच्या मृगात अण्णांनी पुन्हा बी टाकलं. दोन पानांवर येऊन पिवळं पडलं. चौकटीत बोटभर राखाडी धूळ आणि खाली कातळ.

तोवर दिगू मागच्या खोलीत गेला होता. रागाने नव्हे, भांडून नव्हे. एक दिवस दुपारी आडवा झाला तो संध्याकाळी उठला नाही, इतकंच. मग मात्र मी लाजलज्जा गुंडाळून ठेवून डॉक्टरांकडे नेलं. आधी न्यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, भला माणूस. गोळ्या सुरू झाल्या. त्या अजून चालू आहेत. गोळ्यांनी त्याला झोप येते, सकाळ येत नाही. उठवलं की उठतो, भरवलं की खातो. मी पुन्हा एकदा करवंटीत भात ठेवून बघितला, बुरशी धरली तशी त्याच्यापुढे नेली. त्याने बघितलंही नाही. मी परसात जाऊन रडले आणि तो भात कावळ्यांना टाकला.

त्याच सुमारास अण्णांनी मला एकदा विचारलं, "शालू, त्येच्या त्या ढिगात हात घातला की गरम लागायचं. भाजायच्या आधीसुद्धा. कशाने गो?"

मी केर काढत होते. म्हटलं, "जंतू असतात त्यात. त्यांची ऊब."

"जित्ते?"

"होय अण्णा, जित्ते."

"हां," ते म्हणाले, आणि पंचा खांद्यावर टाकून बाहेर गेले.

त्यानंतर अण्णा रोज दुपार कलली की टोपली घेऊन बाहेर पडत. मी शाळेतून येई तोवर परतलेले असत, हातपाय धुऊन पायरीवर. "पाय मोकळे करून आलो," म्हणत. कधी टोपलीत पातेऱ्याची पानं चिकटलेली दिसत. मला वाटे, न्हाणीच्या चुलीला आणतात. म्हातारा माणूस, वेळ जात नाही, जाऊ दे. असं पुढे कितीतरी दिवस चाललं.

असाच एक चैत्र होता. मी शाळेतून आले तर अण्णा घरामागे कातळावर आडवे. टोपली उपडी, पातेरा वाऱ्याने इकडेतिकडे. हाताला शेण. अंग गार पडलेलं. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले असतील, त्रास झाला नसेल. मी त्यांच्या शब्दाला घट्ट धरून बसले. दिगूने पाणी दिलं, पिंड ठेवले, सांगितलं ते सगळं केलं, आणि पुन्हा आत जाऊन पडला.

तर यंदा. रविवार होता. मी पडवीत कुळीथ पाखडत होते. वास आला, सूप टाकून धावले. दिगूची खाट खिडकीला लागूनच आहे. वाकून खिडकीला हात घातला, तर तो म्हणाला, "राहू दे उघडी."

मी थांबले. त्याचे डोळे बाहेर होते, चौकटीवर. चौकट कसली, चिऱ्यांच्या चार रांगा नि मधे कातळ. मला काय वाटलं कोण जाणे, इतक्या वर्षांत न काढलेला विषय मीच काढला. म्हटलं, "बरं झालं रे दिगू, अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही. सुखाने गेले बिचारे."

तो म्हणाला, "कळलं होतं."

"काय?"

"अण्णांना. टोपली घेऊन यायचे रोज दुपारी. पातेरा पसरायचे, शेण कालवून ओतायचे, हाताने दाबून दाबून बसवायचे. रहाटीतून माती पण आणली होती मूठभर. देवाला विचारलं की नाही, ठाऊक नाही. वाऱ्याने उडायचं, पावसाने जायचं, की पुन्हा. मग कोपरापर्यंत हात घालून बसायचे. ऊब लागते का बघत."

मी खाटेच्या कडेला बसले.

"आणि माझ्या खिडकीकडे बघायचे ताई. मी डोळे मिटून घ्यायचो. मला उठायचं होतं. नुसतं उठून त्या टोपलीला एक हात लावायचा होता. एवढंसुद्धा जमलं नाही गो."

खालून धूर संथपणे सड्यावर चढत होता. दोघंही एकमेकांपासून लपवत होते, आणि दोघांनाही सगळं ठाऊक होतं. आणि मी मधे, घरातली शहाणी, दोघांना भात वाढत होते. मला एकच विचारायचं होतं. विचारू नये असं कळत होतं, तरी तोंडातून गेलंच.

"दिगू, त्या दिवशी... अण्णा पडले तेव्हा तू डोळे मिटले होतेस ना रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाहेर, अण्णा पडले होते त्या जागेकडे. मग तो उठला. कुणी न उठवता उठला, खाटेवरून पाय खाली सोडले, भिंत धरून उभा राहिला, आणि खिडकी त्याने आपल्या हाताने लावून घेतली.